किती घेतल्यास, किती दिल्यास

संध्याकाळच्या प्रार्थनेची लाली वाजली की मातानीवाईतल्या चौदा बायका आपापल्या घरात एकाच वेळी गोळी तोंडात टाकायच्या. लाली म्हणजे ओंडका कोरून केलेला आमचा नगारा, देवळाच्या अंगणात छपराखाली ठेवलेला. गावात घड्याळं तीन, त्यांतली दोन बंद आणि तिसरं मनाला येईल तेव्हा चालणारं. सरकारी कागद म्हणतो, पाळणा लांबवायची गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. अहो, ठरली वेळ आणायची कुठून? तोरिकाने ती लालीतून काढली. पाद्रीबुवांना हे कळलं तेव्हा ते आधी कानापर्यंत लाल झाले.

"म्हणजे मी बायांना देवाकडे बोलावतो आणि त्या तुझ्याकडे बघतात!"

"दोघांकडे बघतात की, बुवा. गोळी गिळायला असा कितीसा वेळ लागतो?"

बुवा हसले आणि तेव्हापासून लाली एक दिवस उशिरा वाजेल तर शपथ. बाई होतीच तशी.

तोरिका आठवी शिकलेली, एक्कावन्न वर्षांची, अंगाने भक्कम. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दिवसा चटया विणायची आणि उरलेल्या वेळात गावाचं आरोग्य सांभाळायची. नर्सला आमच्याकडे नासी म्हणतात. तोरिका काही खरी नर्स नव्हे, खरी नर्स किनी पलीकडच्या खाडीत, उपकेंद्रात बसते, समुद्र शहाण्यासारखा वागला तर मोटारबोटीने तासाभराच्या वाटेवर. पण गाव नासी म्हणायचं ते तोरिकालाच. बाईला कुठलं औषध चालेल ते किनी तपासून ठरवायची. पुढची पाकिटं देणं, तीन महिन्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघणं, इंजेक्शनची तारीख ध्यानात ठेवणं हे तोरिकाचं काम. आपल्या हाताने नवं औषध ती कुणालाच सुरू करून द्यायची नाही. सख्ख्या भाचीने पाया पडून मागितलं तरी "आधी किनीकडे जा" एवढंच. इंजेक्शनची तारीख टळत आली म्हणून एकदा ही बाई ओहोटीच्या खडकांवरून अनवाणी पलीकडच्या कसाव्याच्या मळ्यापर्यंत चालत गेली होती आणि तिथल्या बाईला कुदळीसकट उचलून बोटीत बसवून आली होती. अशा माणसाला काय म्हणावं?

एकदा एक तरणाबांड नवरा तक्रार घेऊन आला. "नासी, तुमच्या गोळीने बायको चिडचिडी झालीय."

"गोळीच्या आधी काय तुझ्यावर फुलं उधळत होती?"

"नाही, पण..."

"पण काय? तिला उद्या इकडे पाठव. तिला खरंच त्रास होत असेल तर आपण किनीला विचारून औषध बदलू. आणि तू घरी जाऊन लाकडं फोड, निम्मी चिडचिड तिथेच संपेल."

दुसऱ्या दिवशी ती बाई आली, तिला खरंच त्रास होत होता आणि तिचं औषध खरंच बदललं. तोरिकाचं हे मला फार आवडायचं. थट्टा तोंडापुरती, काम मात्र चोख.

बायकांना तिने पाच बोटांवर पाच गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. डोकं, डोळे, छाती, पोट, पोटरी. ही गोळी घेताना डोकं कधी नव्हे एवढं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारलं किंवा चमकलं, छातीत किंवा पोटात जोराची कळ आली, एकच पोटरी सुजून दुखली, तर गोळी बंद आणि तडक माझ्याकडे. मध्यरात्र असो की लग्न असो. पोरीबाळी कपडे धुताना ते म्हणून एकमेकींना चिडवायच्या. सगळ्यांत मोठ्याने चिडवायची ती माकेरेता.

माकेरेता ही तोरिकाची मामेबहीण. आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा केली नाही तर आमच्याकडे लोक विचारतात, भांडण झालंय का? या दोघींचं तर विचारूच नका. एकीने तोंड उघडलं की दुसरी ते बंद करायला टपलेली. माकेरेता अडतीस वर्षांची, चार लेकरांची आई, केळीच्या सोपटात तंबाखू वळून विड्या ओढणारी आणि देवळातल्या गायकवृंदाचा सगळ्यांत भारी आवाज. तिने वरचा सूर लावला की कोंबड्या पळायच्या, असं तोरिका म्हणायची. आणि हिच्याइतकी दिलदार बाई अख्ख्या कादावू बेटावर नव्हती. चुलीवरचं भांडं कुणी मागितलं तर आतल्या माशासकट द्यायची.

चौथ्या बाळंतपणात ही माकेरेता मरता मरता वाचली होती. रक्तदाब चढला, झटके आले, तीन दिवस शुद्ध नव्हती. सुवाच्या, म्हणजे राजधानीतल्या, डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, एपेलीला, बाहेर बोलावून सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर ही हाती लागेलच असं नाही. एपेली मालवाहू बोटीवर खलाशी, महिन्यातून पाच दिवस घरी. तो ढसाढसा रडला होता. रक्तदाब उतरल्यावर किनीने तिला तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरू केलं आणि बजावून सांगितलं, "बायकांच्या त्या पांढऱ्या गोळ्या तुझ्यासाठी नाहीत. तुझा रक्तदाब, तुझं वय, तुझी विडी. त्या गोळीने रक्ताची गुठळी होऊन डोक्यात गेली तर संपलं." तोरिका तेव्हा शेजारी उभी होती. तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

इंजेक्शन दोन वर्षं चाललं. मग इंजेक्शनाने पाळी यायची थांबली.

"अगं तोरिका, रक्त जातंय कुठे?" माकेरेता विचारायची. "आत साठून डोक्यात चढत असणार."

"कुठे जात नाही. त्या औषधाने आतलं अस्तरच पातळ राहतं. तयारच होत नाही तर बाहेर काय येणार? चूल पेटवली नाही तर राख कुठून येईल?"

"तू राखेचं सांगू नकोस. माझं डोकं जड होतं."

"डोकं जड होतं ते विडीने. ती टाक."

असं हसण्यावारी गेलं. पुढची तारीख आली तेव्हा माकेरेता सुवाला बहिणीकडे गेली होती. परत आल्यावर म्हणाली, इंजेक्शन तिकडेच घेतलं. तोरिकाने वहीत तसं लिहून टाकलं. मामेबहिणीच्या शब्दावर कशाला शंका घ्यायची?

माकेरेताची धाकटी जाऊ वासिती. बावीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेली, दुसऱ्या बेटावरून आलेली, बोलणं एवढं हळू की चुलीच्या धुराला ऐकू जाऊ नये. तिला एवढ्यात मूल नको होतं, किनीने तपासून तिला गोळ्या दिल्या होत्या. तोरिकाने तिला एकदम तीन महिन्यांची पाकिटं दिली, तर पोरगी दीड महिन्यातच दारात उभी.

"नासी, उंदरांनी कुरतडली."

"सगळी?"

"सगळी."

तोरिकाने नवी पाकिटं दिली आणि वर घरातल्या मांजरीचं एक पिल्लूही दिलं. एवढी हुशार बाई, पण गोळ्या खाऊन उंदीर मेले का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. पिल्लू मात्र वासितीच्या घरी मासे खाऊन गलेलठ्ठ झालं.

ऑगस्टात सुवाला सगळ्या बेटांच्या गायकवृंदांची स्पर्धा असते. त्या वर्षी आमचं गाव पहिलं यायचंच म्हणून जिद्दीला पेटलेलं. जूनपासून रोज संध्याकाळी देवळात तालीम. बायका चटयांवर एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. एका संध्याकाळी तोरिका मागच्या भिंतीला टेकून बसली होती. लाली वाजली. समोर बसलेल्या बायकांचे हात कमरेच्या गाठीकडे, पिशवीकडे गेले आणि तोंडाकडे आले. आपली करामत बघून तोरिका रोजच मनातल्या मनात सुखावायची. त्या दिवशी तिने सहज हात मोजले.

पंधरा.

तिने पुन्हा बघितलं. वासिती, आणि तिच्या शेजारी बसलेली माकेरेता. दोघींनी एकदमच आवंढा गिळला.

तालमीत तोरिकाला पुढचं काही ऐकू आलं नाही. उंदीर आठवले, सुवातलं इंजेक्शन आठवलं. आणि हेही आठवलं की गेले दोन आठवडे माकेरेता वरचा सूर लावताना कपाळ दाबून धरते. समोर बसलेली ही बाई, लहानपणापासून एका ताटात जेवलेली, रोज लालीच्या ठोक्याला आपल्या हाताने मरण गिळत होती, आणि लालीचा तो ठोका दिला होता तोरिकाने.

आता इथे बाहेरचा माणूस म्हणेल, धाकट्या जावेने दिल्याच कशाला? त्याला केरेकेरे कळलेलं नाही. नात्यातल्या माणसाने "केरेकेरे" म्हणून काही मागितलं की ती वस्तू तुमची राहत नाही. कुऱ्हाड असो, कमरेला गुंडाळायचं सुलू असो, कोंबडी असो. नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. तिथे परक्या बेटावरून आलेली सून थोरल्या जावेला नाही म्हणणार? जीभ रेटली असती का? आणि मागणाऱ्या माकेरेतालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मीठ मागितलं, गोळ्या मागितल्या, काय फरक आहे?

ओरडून उपयोग नव्हता. बायकांसमोर माकेरेता हसून सगळं उडवून लावणार, हे तोरिकाला पक्कं ठाऊक होतं. तालीम संपली, बायका उठायला लागल्या, तेव्हा ती जाऊन माकेरेताच्या समोर मांडी घालून बसली.

"माकेरेता, केरेकेरे."

माकेरेता खदखदून हसली. "बघा गं! आज नासीबाई माझ्याकडे मागायला आल्या! माग, माग. एपेली सोडून काहीही माग. नाहीतर त्यालाही ने, घोरतो फार."

"तुझ्या कमरेच्या गाठीतलं पाकीट दे."

वासितीने मान एवढी खाली घातली की फक्त केस दिसत होते. माकेरेताचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे बदलले.

"ते औषध आहे माझं."

"मला हवंय. केरेकेरे म्हटलंय मी."

"तुला काय करायचंय गं या वयात?"

"तुला काय त्याचं? तू कधी कुणाला विचारतेस का, कशाला हवंय म्हणून?"

आयुष्यात कुणालाही नाही न म्हटलेली बाई. तिने सावकाश गाठ सोडली आणि पाकीट तोरिकाच्या हातावर ठेवलं.

"झालं समाधान? आता मला दिवस गेले आणि मी मेले की माझी पोरं तूच सांभाळ."

"तुझी पोरं तूच सांभाळणार आहेस. आणखी एक केरेकेरे. तुझा उजवा हात. पाच मिनिटं."

पट्टा बांधला. यंत्र फुसफुसलं, थांबलं. एकशे बाहत्तर, एकशे आठ. तोरिकाने पाच मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. तेवढंच. तिने आकडा मोठ्याने सांगितला नाही, पण तिचा चेहरा बायकांनी वाचला. एकेकजण गुपचूप बाहेर निघून गेली.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"दुखतं थोडं."

"डोळ्यांपुढे चमकतं?"

माकेरेता चटईची कड उसवायला लागली.

"माकेरेता, पाच बोटं तू सगळ्यांत मोठ्याने म्हणायचीस. डोकं, डोळे. पुढचं मला सांगायला लावू नकोस."

"अगं पाळी येत होती व्यवस्थित!" माकेरेता एकदम रडायलाच लागली. "महिन्याच्या महिन्याला. मला वाटलं, हेच बरं. रक्त बाहेर पडतंय. मला मरायचं नव्हतं गं, मला मूलच होऊ द्यायचं नव्हतं. सगळ्या बायका घेतात. मलाच काय होणार होतं?"

तोरिकाने तिला जवळ घेतलं. मग तिथूनच किनीला फोन लावला. किनीने सांगितलं, गोळी आजपासून बंद, विडी बंद, सकाळच्या पहिल्या भरतीला घेऊन ये, आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले तर भरती-ओहोटी न बघता निघ. तोरिका आपली चटई उचलून माकेरेताच्या घरी झोपायला गेली. माकेरेता इतका वेळ गप्प राहिलेली गावाने पहिल्यांदाच बघितली.

सकाळी बोट निघाली. समुद्र सपाट होता, ऊन नुकतं वर आलेलं. अर्ध्या वाटेवर माकेरेताने तोरिकाचं मनगट पकडलं.

"तोरिका, तुझा अर्धा चेहरा कुठे गेला?"

"म्हणजे?"

"डाव्या बाजूला काहीच नाही. समुद्रही नाही. तोरिका, मला दिसत नाहीये गं!"

तोरिकाने सुकाण्याला ओरडून सांगितलं, आहे तेवढा जोर लाव. माकेरेताचं डोकं मांडीवर धरलं. वीस मिनिटं. एकोणीस वर्षांत बाळंतिणी बोटीतून नेल्या, साप चावलेले नेले, पण अशी वीस मिनिटं तिने काढली नव्हती, असं ती नंतर म्हणायची. तोंडाने मात्र शिव्या घालत होती. "मरायचं असेल तर स्पर्धा झाल्यावर मर. वरचा सूर कोण लावणार? मी? कोंबड्याच काय, पाद्रीही पळून जातील." माकेरेता रडता रडता हसली. उपकेंद्राचा धक्का दिसायला लागला तेव्हा डावा समुद्र हळूहळू परत आला.

किनीने सुवाच्या डॉक्टरांना फोन लावला, रक्तदाबाचं औषध सुरू केलं, लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. तीन दिवस तिला तिथेच ठेवून घेतली. मग रक्तदाब जरा उतरल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून डाव्या दंडात, कातडीखाली, काडीपेटीच्या काडीएवढ्या दोन मऊ नळ्या बसवल्या. त्यात दुसऱ्या जातीचं संप्रेरक, तुझ्यासारखीला चालणारं, पाच वर्षं काळजी नाही, किनी म्हणाली. पाळी पुढेमागे होईल, कधी थेंब थेंब जाईल, कधी येणारच नाही, त्याने घाबरायचं नाही. पहिले सात दिवस मात्र निरोध वापरायचा.

"सात दिवस तर एपेली बोटीवरच आहे," माकेरेता म्हणाली. मग दंड चाचपून बघितला आणि तोरिकाकडे वळली. "आता मागा म्हणावं केरेकेरे! दंड कापून देऊ का?"

तेव्हा तोरिकाला कळलं की बाई वाचली. तिथेच, उपकेंद्राच्या पायरीवर बसून ती हमसून हमसून रडली. माकेरेताने तिची पाठ थोपटली आणि एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी रडते म्हणून तिची यथेच्छ टिंगल केली.

गावात परतल्यावर माकेरेता आधी घरी गेली नाही. तोरिकाकडची नवी चटई काखेत घेऊन ती धाकट्या जावेच्या दारात गेली आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली. थोरलीने धाकटीची अशी रीतसर माफी मागायची हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. वासिती घाबरून गेली. "ताई, उठा. ताई, असं करू नका."

"मी मागितलं ते चुकलं. तू नाही म्हणू शकत नव्हतीस, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तुझ्याकडे मागितलं. सालोतेकडे मागितलं असतं का?"

सालोते म्हणजे गावच्या प्रमुखाची बायको, आमच्या मोठ्या बाई. त्यांच्याकडे मागायची कुणाची छाती होते?

तोरिकाचा खरा मोठेपणा मला दिसला तो यानंतर. दुसरी कुणी असती तर जावा-जावांवर खापर फोडून मोकळी झाली असती. तोरिका वही घेऊन चौदाही घरं हिंडली. प्रत्येकीसमोर बसून म्हणाली, "चूक माझी. एकोणीस वर्षं मी तुम्हाला विचारत आले, किती घेतल्यास. किती दिल्यास हे कधी विचारलंच नाही. आपल्याच गावात राहून मला ते सुचू नये! आता खरं सांगा. रागावणार नाही."

मग काय काय बाहेर पडलं! तिघींनी बहिणींना अर्धी अर्धी पाकिटं दिली होती, म्हणजे त्यांचाही पाळणा नीट लांबेना आणि बहिणींचाही. एकीने सासूला पाय दुखतात म्हणून रोज एक गोळी सुरू केली होती. आणि पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या, ज्या नुसत्या लोहाच्या असतात, त्या एक बाई दर महिन्याला नवऱ्याला देत होती, ताकद येते म्हणून. तो नवरा देवळातला वडीलधारा पंच. त्याला गोळी कुठल्या पाकिटातली ते कळल्यावर तो पंधरा दिवस पुरुषांच्या यांगोना प्यायच्या बैठकीला आला नाही.

तोरिकाने शब्द पाळला, कुणावर रागावली नाही. सासूला तीच किनीकडे घेऊन गेली, बहिणींना तपासायला बोटीत बसवलं. प्रत्येकीला सांगितलं, "ही गोळी तुझा रक्तदाब, तुझं वय, तुझं दुखणं बघून तुला दिलीय. बहिणीचं पोट वेगळं, तिची गोळी वेगळी. तिला मायेने द्यायचं असेल तर मासा दे. गोळी मागितली तर हात धरून माझ्याकडे आण." सांगणं सोपं होतं. पण मानाने मोठ्या माणसाने मागितलं तर? तेव्हा कोण नाही म्हणणार? हा घोर तिला होता, आणि तो तिच्या हातातला नव्हता.

ऑगस्ट उजाडला. माकेरेताचा रक्तदाब ताळ्यावर आला होता, विडी सुटली होती (चोरून एखादी सोडून, असा तोरिकाचा संशय) आणि डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती. सुवाला जायच्या दिवशी सगळा गायकवृंद धक्क्यावर जमला. पांढरे कपडे घड्या घालून, अळूच्या कंदांच्या टोपल्या, पोरांची रडारड. मोठ्या बाई सालोते तिथे आल्या, मागे त्यांची एकोणीस वर्षांची लेक लेबा. एकटीने गायच्या ओळी लेबाकडे होत्या. मोठ्या बाई सरळ वासितीपाशी गेल्या.

"वासिती, केरेकेरे. लेबाचे दिवस नेमके स्पर्धेच्या वेळी यायचेत. तुझ्या पांढऱ्या गोळ्या दे दहा-बारा. पुढे ढकलता येतं म्हणतात."

वासितीचा हात पिशवीत गेला. तोरिका चार हातांवर उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने बोलून भागणार नव्हतं.

"देऊ नकोस," माकेरेता म्हणाली.

मोठ्या बाई वळल्या. "मी तुझ्याकडे मागितलंय का?"

"नाही. मी असंच मागितलं होतं हिच्याकडे, मोठ्या बाई. हिने दिलं. बोटीत माझं अर्धं जग गेलं होतं. डावीकडे समुद्र नव्हता, माझी पोरं त्या बाजूला उभी असती तर मला दिसली नसती."

वासितीने पिशवीतून हात बाहेर काढला, रिकामा.

"मोठ्या बाई, मी नाही देणार," ती म्हणाली. एवढं मोठ्याने ती आमच्या गावात पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही रागावा. पण लेबाताईंना आधी नासींकडे दाखवा."

मोठ्या बाईंचा चेहरा काळवंडला. आजवर त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. तोरिकाने तेवढ्यात लेबाचा हात धरून तिला पोत्यावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब उत्तम होता. मोठ्या बाई काही बोलणार, तोच तोरिकाने विचारलं, "लेबा, डोकं दुखतं कधी?"

"दर महिन्याला."

"दुखायच्या आधी काही दिसतं?"

"उजवीकडे नागमोडी चमकतं. मग वहीतल्या अर्ध्या ओळी दिसत नाहीत थोडा वेळ. मग डोकं फुटतं."

तोरिकाने पट्टा सोडला. "मोठ्या बाई, अशा पोरीला ती गोळी मुळीच चालत नाही. माकेरेता निदान माझ्या मांडीवर तरी होती. हिला सुवात, मंचावर काही झालं असतं तर?"

मोठ्या बाई लेकीकडे बघत राहिल्या. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," लेबा म्हणाली.

मोठ्या बाई त्या पोत्यावरच, लेकीशेजारी बसल्या. बराच वेळ त्यांनी तिचं डोकं कुरवाळलं. मग उठल्या, वासितीसमोर आल्या, गुडघे टेकून खाली बसल्या, आणि दोन्ही तळवे खोलगट करून तीनदा टाळी वाजवली. हा आमच्याकडचा मान. धाकट्याने थोरल्याला द्यायचा, लोकांनी प्रमुखाला द्यायचा. परक्या बेटावरून आलेल्या बावीस वर्षांच्या सुनेला तो प्रमुखाच्या घरातून मिळालेला धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनीही बघितला नव्हता.

वासितीला काय करावं कळेना. ती तोरिकाकडे बघायला लागली. तोरिका लेबाच्या सामानात पाळीच्या कापडाच्या चार जास्तीच्या घड्या भरत होती आणि तिचे डोळे वाहत होते.